यंत्र आले, मक्ता कायम!

‘डिजिटल कायापालट’ हा हल्लीच्या सार्वजनिक जीवनातला सर्वांत सोयीस्कर शब्द आहे. बँकेच्या अहवालात तो असतो, शिक्षण खात्याच्या परिपत्रकात तो असतो आणि आता शंभर-सव्वाशे सभासदांच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेतही तो टाळ्या घेऊ लागला आहे. कार्यवाह उठतात, दोन संगणक, एक प्रिंटर आणि एक स्कॅनर खरेदी केल्याचे सांगतात, ‘आपली संस्था आता डिजिटल झाली’ अशी घोषणा करतात. अध्यक्ष श्रीफळ वाढवतात, फोटो निघतो, चहा होतो. काया पालटली म्हणजे नेमके काय पालटले, हे विचारण्याचा अरसिकपणा कोणी करीत नाही.

तो अरसिकपणा मला करावयाचा आहे. मुख्याध्यापकाची खुर्ची मुळातच अरसिक असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. संस्थेचा कायापालट यंत्राने होत नाही. तीन प्रश्नांची उत्तरे बदलली, तरच तो होतो. माहिती कोणाच्या हाती आहे? तिच्यावरून निर्णय कोण घेतो? आणि नोंद चुकली तर ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कोणाला आहे? संगणक येण्यापूर्वी या प्रश्नांची जी उत्तरे होती तीच नंतरही राहिली, तर यंत्राने एकच काम केले असे समजावे: जो मक्ता काल कपाटाच्या किल्लीत होता, तो आज पासवर्डात गेला. किल्लीची निदान दुसरी प्रत तरी करून घेता येत असे.

हे सीमाभागातल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो आहे. आपण बेळगाव-निपाणीकडचे असा, बिदर-भालकीचे असा वा माझ्यासारखे बडोदेकर असा, सरकारी दप्तराची भाषा आपल्या घरातली नाही. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही; मी गेली कित्येक वर्षे गुजरातीत अर्ज लिहितो आणि चांगले लिहितो. परंतु अशा ठिकाणी मराठी शाळा, मराठी ग्रंथालय, मंडळ यांची दप्तरे हीच आपल्या समाजाची स्मृती असते. ती जपायला दुसरे कोणी येणार नाही. म्हणून या संस्थांत कायापालटाच्या नावाखाली काय चालले आहे, याची चौकशी करणे हे आपले घरचे काम आहे.

खरा कायापालट कसा असतो, याचे उदाहरण शोधण्यासाठी मला अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांकडे जावे लागत नाही. ते माझ्या गावातच, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत उभे आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. मुले वाचायला शिकली; आता वाचायचे काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. ‘अमेरिकेहून साहेब आणला’ एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर आज तिची आठवणही उरली नसती. पण पुढे काय झाले ते पाहा. महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह सार्वजनिक ग्रंथालयाला दिला. बॉर्डन यांनी ग्रंथांचे वर्गीकरण बडोद्याच्या गरजेप्रमाणे बसवले. ग्रंथ कार्डांवर नोंदले गेले. म्हणजे कोणते पुस्तक कोठे आहे हे ज्ञान ग्रंथपालाच्या डोक्यातून निघून सर्वांना उघडता येईल अशा खणात आले. वाचकाला कपाटांपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले आणि त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे.

त्याहून मोठी गोष्ट खेड्यांत घडली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात. वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल तर नियम असा होता, की एक हिस्सा लोकांनी जमवावा, तेवढाच पंचायतीने द्यावा आणि तेवढाच सरकारने घालावा. बॉर्डन १९१३ साली परत गेले, पण चळवळ परत गेली नाही. मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी ती गावागावांत रुजवली होती.

आता माझे तीन प्रश्न इथे लावून पाहा. माहिती राजवाड्यातून बाजारपेठेत आली. काय वाचावे आणि गावात ग्रंथालय हवे की नको, हा निर्णय वर्गणी देणाऱ्याच्या हाती काही अंशी तरी आला. आणि ती माहिती सांभाळणारा माणूस शिकवून तयार केला गेला. पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरशीची ती देखणी इमारत १९३१ सालची आहे. म्हणजे कारभार आधी बदलला, वास्तू वीस वर्षांनी आली. आपल्या संस्थांत क्रम नेमका उलटा असतो. आधी वास्तू, मग यंत्र, मग उद्‌घाटन, आणि कारभार? तो ‘जैसे थे’.

आपल्या मंडळांकडे आता वळू. नावे घेत नाही. वाचकांनी आपापल्या गावचे नाव घालून वाचावे. ग्रंथालयात संगणक आहे, त्यावर धुळीपासून संरक्षणासाठी छान शिवलेले आच्छादन आहे. ग्रंथयादी त्यात आहे असे म्हणतात. ती सभासदाला घरबसल्या पाहता येते का? नाही. ग्रंथालयात जाऊन पाहता येते का? ‘देशपांडेकाका आले की बघू, पासवर्ड त्यांच्याकडे आहे.’ जमाखर्च संगणकावर आहे. तो धर्मादाय आयुक्तांकडे जातो, सभासदाकडे जात नाही. जुनी इतिवृत्ते, पन्नास वर्षांपूर्वीचे अंक स्कॅन झाले म्हणतात. ते कुठे आहेत? एका पेनड्राइव्हमध्ये. पेनड्राइव्ह कुठे आहे? माजी कार्यवाहांच्या घरी. आणि सभासदांशी संवाद साधण्यासाठी व्हॉट्सॲपचा गट आहे, ज्यात फक्त ॲडमिन मंडळीच लिहू शकतात! आपल्या संस्थांच्या डिजिटल कायापालटाचे याहून चपखल चित्र मला काढता येणार नाही. सभेत निदान उभे राहून बोलता तरी येत होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते हेच.

कागदाचे छायाचित्र काढणे म्हणजे कायापालट नव्हे, हे बडोदेकराला तरी सांगावे लागू नये. गायकवाडी दप्तरातील मोडी कागदांचे ढीग या शहरात आहेत. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्थान मिळाले; संगणकाच्या दृष्टीने मोडी आता परकी नाही. पण मोडी वाचणारी माणसे किती उरली? ज्याची सूची नाही आणि जे वाचणारा माणूस नाही, त्या कागदाचे चित्र काढले तरी ते मुकेच राहते. बॉर्डन यांनी यंत्र आणले नव्हते, वर्ग चालवला होता. तो का, हे इथे कळते.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. मी संगणकविरोधी नाही. कागदी दप्तराच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांना मी विचारतो, त्या दप्तरापर्यंत पोहोचायला किती वेळा हात ओले करावे लागत होते, ते विसरलात काय?

रेल्वेचे आरक्षण आठवा. एका गाडीचे रजिस्टर एका खिडकीवर, आणि त्या रजिस्टरात जागा आहे की नाही हे ठाऊक असणारा जगात एकच माणूस. १९८५-८६ मध्ये दिल्लीपासून संगणकीय आरक्षण सुरू झाले, पुढे शहरे एकमेकांना जोडली गेली आणि २००२ पासून तिकीट घरबसल्या निघू लागले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीची जागा कळू लागली. दलाल संपले नाहीत, हे खरे. तत्काळच्या वेळी ते आजही जागे असतात. पण जागा आहे की नाही ही माहिती एका माणसाची राहिली नाही. प्रतीक्षायादीतला आपला क्रमांक आपण पाहू शकतो. हा कायापालट.

बेळगावच्या वाचकांना दुसरे उदाहरण घरचेच आहे. कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेखाली, २००१ च्या सुमारास, सुमारे सदुसष्ट लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकावर आणले. तोवर ते सुमारे नऊ हजार तलाठ्यांच्या दप्तरांत होते. हस्तलिखित उताऱ्याची मान्यता काढून घेतली आणि तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. तलाठ्याच्या मनधरणीचे दिवस त्यामुळे कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण उतारा कन्नडमध्येच. ज्या मराठी शेतकऱ्याला तो वाचता येत नाही, त्याने तलाठ्याला टाळले आणि वाचून दाखवणाऱ्याच्या दारात तो उभा राहिला. मक्ता मोडला, पण अर्धाच. भाषेचा विचार न करता केलेला कायापालट असा अर्ध्यावर थांबतो.

आणि मुळीच न झालेला कायापालट कसा दिसतो? तोही आमच्या गावाशी नाते सांगणारा आहे. १९०८ साली सयाजीरावांच्या पुढाकाराने बडोद्यात स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा ही देशातल्या मोठ्या बँकांपैकी एक. तिच्या ‘बॉब वर्ल्ड’ या मोबाइल ॲपवर नवे ग्राहक घेणे थांबवा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. ग्राहक ज्या रीतीने जोडले जात होते, त्यात गंभीर बाबी आढळल्याचे कारण तिने दिले. संख्या वाढवून दाखवण्यासाठी ग्राहकांच्या खात्यांना भलत्यांचेच मोबाइल क्रमांक जोडले गेले, अशा बातम्या त्याआधी आल्या होत्या. मे २०२४ मध्ये बंदी उठली. बँकेला दूषणे देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ‘इतके लाख लोक डिजिटल झाले’ हा आकडाच जेव्हा ध्येय होतो, तेव्हा खालचा माणूस आकडा आणून देतो आणि ग्राहक बाजूला राहतो, एवढेच मला सांगायचे आहे. शाळांत आम्ही हे रोज पाहतो. वरून रकाना येतो, खालून रकाना भरला जातो, आणि वर्गातला पोरगा भागाकारात जिथे अडला होता तिथेच असतो.

ब्रिटनमध्ये याहून भयंकर घडले. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबपद्धती आणली. हिशेबात खोटी तूट दिसू लागली. गावोगावच्या टपाल कचेऱ्या चालवणारी साधी माणसे सांगत राहिली, की आम्ही पैसे घेतले नाहीत. उत्तर एकच: संगणक तसे दाखवतो. नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. त्यांत भारतीय वंशाची माणसेही होती. काही तुरुंगात गेली, काहींचे संसार उद्ध्वस्त झाले. यंत्रणेतच दोष होते, हे २०१९ साली न्यायालयात सिद्ध झाले आणि सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. चूक दुरुस्त करण्याची वाट नसलेली यंत्रणा निरपराध माणसालाच चूक ठरवते.

आपल्याकडे ही गोष्ट इतकी भीषण झालेली नाही, पण तिचे बीज आपल्या मुलांच्या नावांत पडलेले आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव घ्या. गुजराती दाखल्यात ते बरोबर लिहिले जाते. पण तेच इंग्रजीत उतरवताना गुजराती कारकून ‘जी-एन’ने सुरुवात करतो, कारण त्याच्या भाषेत उच्चार ‘ग्नान’ असा आहे. त्याचे काही चुकले नाही. मुलीचे आधारकार्ड नाशिकला आजोळी निघाले असेल तर तिथे ‘डी-एन-वाय’ असते. तिचा चुलतभाऊ ज्ञानेश्वर बेळगावला असेल तर त्याचे नाव ‘जे-एन’ने सुरू होते. तिन्ही बरोबर! शिवाय गुजरातेत आडनाव आधी लिहायची रीत, आपल्याकडे शेवटी. २०२४ मध्ये शाळांतून प्रत्येक विद्यार्थ्याच्या ‘अपार’ क्रमांकाची मोहीम जोरात सुरू झाली आणि शाळेतले नाव व आधारवरचे नाव जुळल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. पालक आधार केंद्रात जातात. ते म्हणतात, शाळेचा पुरावा आणा. शाळेत येतात; शाळा म्हणते, दाखल्यातले नाव आम्हाला मनाने बदलता येत नाही, आधार बदला. दोन खिडक्यांच्या मधल्या रस्त्यात रोजंदारी बुडवून उभा असलेला बाप मी पाहिला आहे. त्याची मुलगी एकच आहे, एवढेच त्याला सिद्ध करायचे असते.

जुन्या कागदी रजिस्टरला समास होता. कारकून त्यात लाल शाईने लिहीत असे, ‘उर्फ अमुक, पालकाच्या अर्जावरून, तारीख अमुक’, आणि खाली सही. पडद्याला समास नाही. रकान्यात बसेल तेवढेच सत्य.

हा समास संगणकात ठेवता येत नाही असे नाही. ठेवायचा विचार कोणी केला नाही, इतकेच. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. तिची रीत पाहा. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ आणि खाली तळटीपांत, कोणत्या हस्तलिखितात काय वेगळे आहे, याची नोंद. स्वीकारले ते का, आणि नाकारले ते काय, हे दोन्ही वाचकासमोर. पोथीतल्या एका अक्षराला जो मान आपल्या विद्वानांनी दिला, तो जिवंत मुलीच्या नावाला द्यायला काय हरकत आहे? नावाची तिन्ही रूपे एका क्रमांकाखाली ठेवा, कोणी कधी बदलले ते नोंदवा, पालकाला ते दाखवा. यंत्राला हे मुळीच जड नाही.

आता आक्षेप घेऊ. पहिला: ‘आमची संस्था लहान, पैसा नाही.’ मी सांगतो त्यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. ग्रंथयादी सर्वांना दिसेल अशी ठेवायला पैसा नव्हे, मनाचा मोठेपणा लागतो. सयाजीरावांच्या राज्यातली खेडीही लहानच होती. दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा, मनातल्या मनात घेतलेला: ‘हा आम्हाला बाजूला सारण्याचा डाव आहे.’ अजिबात नाही. कोणते हस्तलिखित कोणी दिले, छायाचित्रातली माणसे कोण, हे तुम्हालाच ठाऊक आहे आणि ते कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही. म्हणूनच दोन तरुणांना शेजारी बसवून ते सांगा, लिहवून घ्या. न सांगता ठेवलेले ज्ञान आपल्याबरोबर स्मशानात जाते; त्याला मानही मिळत नाही. तिसरा आक्षेप: ‘तरुण येतच नाहीत.’ फक्त ॲडमिन बोलणार असतील तर तरुणांनी यावे कशाला? सतरंज्या उचलायला?

बडोद्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये एक्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांत केवढी शक्ती आहे, ते तेव्हा दिसले. मंडप उभारणारे हात आपल्याकडे आहेत. दप्तर उघडणारे हात हवे आहेत.

म्हणून वाचकहो, आपापल्या मंडळाच्या, शाळेच्या, ग्रंथालयाच्या पुढच्या सभेत चार गोष्टी मागा. ग्रंथयादी आणि जमाखर्च प्रत्येक सभासदाला पाहता यावा. पासवर्ड निदान तिघांकडे असावा आणि त्या तिघांची नावे फलकावर असावीत. नोंद बदलली तर कोणी, कधी, कोणाच्या अर्जावरून बदलली, हे नोंदीशेजारीच दिसावे. आणि मराठी नाव प्रथम मराठीत, मग राज्यभाषेत, मग इंग्रजीत लिहिले जावे. यंत्रावर जेवढा पैसा खर्च होईल, तेवढाच ते चालवणाऱ्या माणसाला शिकवण्यावर व्हावा.

कार्यवाह म्हणतील, ‘सूचना चांगली आहे, विचार करू.’ तेवढ्यावर खाली बसू नका. संगणकाच्या बिलाला मंजुरी देण्यासाठी हात वर करण्याआधी विचारा, ‘यादी आम्हाला कोणत्या तारखेपासून दिसेल?’ आणि ती तारीख इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्त मात्र अजून कागदावरच लिहितात. त्यावर अध्यक्षांची सही घ्यायला विसरू नका.